राहीबाईच्या नऊ हंगामांचे पैसे

मी, बिभीषण भीमा ढाकणे, वय ६९, पूर्वी टर्नर, आता घरीच, राहणार नागापूर, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. नागापूरचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. माझ्यानंतर ते पत्नी कडूबाई हिचे. ती आहे तोवर घर विकण्याचा विषय कोणी काढू नये. तिच्यानंतर मुलगा कल्याण व मुलगी सुकन्या यांना निम्मे निम्मे. २००८ सालच्या मंदीत कारखान्यांची कामे थांबली आणि माझ्या शेडमधल्या तीनपैकी दोन लेथ नुसत्या उभ्या राहिल्या. तरी मी हे घर गहाण टाकून नवी मशीन घ्यायला निघालो होतो. कडूबाई म्हणाली, "काम न्हाई तं मशीन कशाला? हायेत त्यातल्या दोन इका." मी ऐकले. म्हणून आज घराबद्दल लिहिता येत आहे.

२. शिल्लक लेथ कल्याणने विकून पैसे घ्यावेत. तो मशीनवर उभा राहणार नाही, हे मला ठाऊक आहे, राग नाही. दोन्ही मुलांच्या नावे मी म्युच्युअल फंडात सारखाच हप्ता भरत होतो. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला, तेव्हा कल्याणने घाबरून सगळे काढून घेतले. सुकन्याने हप्ता चालू ठेवला. तिचा फंड तिचाच राहील, त्यात वाटणी नाही. कल्याण अजून विचारतो, "तुम्ही मला अडवलं का नाही?" बाळा, घाबरलो तर मीही होतो. शिवाय पैशाबाबत कोणाला सल्ला देण्याचे माझे तोंड तोवर उरले नव्हते. कारण पुढे लिहितो.

३. राष्ट्रीयीकृत बँकेतील माझी दोन लाख चाळीस हजारांची ठेव धाकटी बहीण राहीबाई हिला द्यावी. नऊ हंगाम ऊस तोडून साठवलेली एवढीच रक्कम तिने माझ्या हवाली केली होती, कारण घरात शिकलेला मी एकटा. ती पोस्टात सुखरूप होती. २०१७ साली जास्त व्याजाच्या मोहाने मी ती एका पतसंस्थेत टाकली. माझेही त्यात टाकले. दोन वर्षांनी पतसंस्थेचे शटर खाली आले ते आलेच. मी राहीबाईला सांगितले नाही. लॉकडाऊनमध्ये तिच्या पायाचे दुखणे वाढले, तेव्हा कडूबाईचे सोन्याचे डोरले मोडून वीस हजार नेऊन दिले आणि म्हणालो, "तुझ्या ठेवीचं व्याज आहे." पुढच्या वर्षी तिने पासबुक मागितले, तेव्हा सांगावे लागले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादा, पैसा गेला तं गेला. पर दोन वरीस तू खोटं बोल्लास, ते मी कुठं ठिवू?" त्या दिवसापासून ती माझ्या घरी आली नाही. डोळे चालत होते तोवर लेथवर बाहेरचे जॉबवर्क करून ही ठेव मी जमवली. द्यायला गेलो तर घेतली नाही. "ते तुजे हायेत. माजे न्हाईत."

४. पोस्टात माझ्या नावे असलेली रक्कम कडूबाईची. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात कायम ठेवावा आणि त्याला व्याज कमी म्हणून हळहळू नये. बाकी शहाणपण माझ्याकडे नाही. दोन मंद्या पाहिल्या, दोन्ही वेळा थकलो, एवढेच.

पुरवणी. सहीआधी वरील मजकूर मी पाथर्डी तालुक्यात राहीबाईच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवला. कलम तीनवर ती म्हणाली, "म्हंजी मी तुज्या मरनाची वाट बघू व्हय रं? द्यायचं तं आत्ता दे." पुढच्याच आठवड्यात मी ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्याने व्याज गेले, जाऊ दे. रक्कम तिच्या खात्यात भरली. बँकेच्या खिडकीवरच्या मुलीकडून तिने आकडा दोनदा वाचून घेतला आणि पासबुक स्वतःच्या पिशवीत ठेवले. सबब कलम तीनवर रेघ मारली आहे. रेघेखालचा मजकूर वाचता यावा म्हणून तो पुरता खोडलेला नाही.

वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे आता या कागदात राहीबाईचा हिस्सा नसल्याने ती साक्षीदार होऊ शकते. तिला विचारले. आज ती नागापूरला आली. कागद पुढे केला तर म्हणाली, "पयल्यापास्नं वाच. ऐकल्याबिगर अंगठा न्हाई देनार." पुरे वाचले. मधे दोनदा थांबवून तिने परत वाचायला लावले. मग अंगठा दिला.

ठिकाण : नागापूर, अहिल्यानगर
दिनांक : ९ जानेवारी २०२६

लिहून देणार : बिभीषण भीमा ढाकणे (सही)

आमच्यासमक्ष सही केली म्हणून साक्षीदार :
१. आबासाहेब गर्जे, शेजारी (सही)
२. राहीबाई, लिहून देणाराची बहीण (डाव्या हाताचा अंगठा)