समुद्रानं परत केलेली ओटी

प्रिय सरू,

तुला नावानं हाक मारायची सोय तू असताना कधी झालीच नाही. 'अगं' आणि 'ऐकलं का' यावरच आपला संसार पार पडला. आता कोण हसणार आहे मला? म्हणून लिहितोय, सरू.

लिहायला कारणही घडलंय. निजामाची राजवट गेली, हद्दीवरचा कनेरगावचा नाका उघडला, आणि तुझा भाऊ रत्नागिरीहून थेट आपल्या गोरेगावात येऊन उतरला. आपल्या यशोदेसाठी स्थळ घेऊन! मुलगा त्याच्याच शाळेत मास्तर आहे, घर अगदी समुद्राकाठी. उद्या सकाळी भाऊ परत निघेल, तेव्हा त्याला होकार द्यायचा की नकार, ते मला ठरवायचंय. सगळे कापूस वेचायला गेलेत. ओसरीवर मी एकटाच आहे.

आई म्हणते, "येवढ्या लांब लेक काहून द्यायची? मेल्या-जगल्याची खबर बी येनार न्हाई." खरं सांगू? मलाही तसंच वाटतं.

पण दुपारभर तो एकच दिवस डोळ्यांपुढं येतोय. रत्नागिरीला तुझ्या भाच्याच्या बारशाला गेलो होतो आणि भावानं आपल्याला दिवसभराच्या सहलीच्या मोटारीत बसवून दिलं होतं. वाटाडे गणूकाका छत्री उंच धरून पुढं, आणि मागं आपण सगळे मेंढरांसारखे!

ब्रह्मदेशाच्या हद्दपार राजाच्या वाड्यात तू दारातच वहाणा काढल्यास. गणूकाका म्हणाले, "अहो वहिनी, देऊळ नाही हे." तू म्हणालीस, "राजा आपला देश सोडून इथं मेला ना? मंग वहाना घालून कसं जावं?" मग सगळ्यांनीच काढल्या. थंडगार फरशी, रंगीत काचांतून आलेलं ऊन, आणि तुझी पावलं कधी तांबडी, कधी निळी. मी वाडा कमी आणि तेच जास्त पाहिलं.

बागेत मात्र तुझ्यातली शेतकरीण जागी झाली. "येवढ्या जागेत नुसती फुलं? किती जवारी झाली असती!" आणि लगेच गळालेलं एक फूल पदरात बांधलंस. लबाड!

मग ते समुद्राचे कडे. किल्ल्यावरून पाणी इतकं खोल, की लाट फुटलेली आधी दिसायची आणि आवाज मागून यायचा. तू माझा हात धरलास. भरदिवसा, चारचौघांत! मलाही सोडवेना.

खाली वाळूवर उतरल्यावर तू गाठोडं सोडलंस. खण, नारळ, गहू, वसमतचं हळकुंड. आपल्या कयाधू नदीची भरतात, तशी तुला समुद्राची ओटी भरायची होती. भरलीसही. आणि पुढच्याच लाटेनं नारळ तुझ्या पायाशी आणून टाकला! पुन्हा सोडलास, पुन्हा आला. आपल्या नदीनं कधी दिलेलं परत केलंय का? तुझा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाई घेत वो त्यो. माहं काय चुकलं?"

"वहिनी, भरती आहे ही," गणूकाका समजावू लागले. "ओहोटी लागली की नेईल तो. पण मोटार थांबायची नाही, अजून एक वाडा बघायचाय."

"वाडा ऱ्हाऊ द्या. माही ओटी तशीच राह्यली, तिचं काय?"

मोटार गेली. आपण दोघं बसून राहिलो, शेजारी शेजारी. घरी असे कधी बसलो होतो का गं? ऊन उतरलं, पाणी हळूहळू मागं सरायला लागलं, आणि तू अर्धवट झोपेत असल्यासारखी बोलत होतीस, "आपली यशोदा इथं द्यायची. मागून घेतलंय म्या त्याच्यापाशी. वर्साला येईन तिला पाहाया." मी हसलो. पोर अजून दुधाच्या दातांची होती. शेवटी तू उठलीस, नारळ सोडलास. तो डुलत डुलत गेला आणि परत आला नाही. केवढी हसलीस तेव्हा!

आणि मग? वर्षाला कोण येणार होतं, सरू? तापाचं निमित्त करून निघून गेलीस. मागणं तुझं, आणि पुरं करायचं मी! लेक लांब द्यायची तर आईनं मागं राहायला नको? राग येतो मला तुझा. यशोदा गेली की या घरात तुझ्यासारखं हसणारं कुणी उरणार नाही. म्हणून तर तुझ्या भावाला आल्यापासून 'बघू, बघू' करत टोलवतोय. अंतराचं आपलं नाव.

सकाळी पोरगी भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, तिकडं रातभर पान्याचा आवाज येतो म्हनं. मला भेव न्हाई वाटनार. पन मी गेल्यावर तुमी बराबर जेवाल ना?" तिचं मन कधीच तयार झालंय गं. ती थांबलीय ती माझ्यासाठी.

तर ऐक. उद्या होकार देतोय.

आणि तुला शब्द देतो. दिवाळीला तिला आणायला मीच जाईन, गडी पाठवणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवू नये म्हणतात, तर दशम्या बांधून नेईन. तिचं पहिलं बाळंतपण इथंच होईल. डिंकाचे लाडू आईकडून शिकून घेतो, हसायचं तर हस. आई नाही म्हणून पोरीला माहेर नाही, असं कुणी म्हणायचं नाही. आजपासून तिचं माहेर मी.

तुझाच,
यशोदेचा बाप