घंगाळ शेजारीच राहू दे

प्रिय आत्याबाई,

परवा तुमच्या नातीचं, आपल्या पूजाचं लग्न पार पडलं. मांडव अजून सोडलेला नाही. निम्मे पाहुणे गेलेत, निम्मे घोरतायत. मला आता शेजारी शकीलाभाभीकडं घंगाळ परत द्यायला जायचंय. त्याआधी तुमच्याशी बोलायचंय, कारण या घंगाळाचा सगळा घोळ तुम्हीच घालून ठेवलाय.

तुम्ही देवाघरी गेलात आणि भाभीचं-आपलं बोलणं बंद पडलं. कारण काय, तर आपल्या मोरीचं पाणी. ते वाहत जायचं त्यांच्या दारात, त्यांचा फळांचा गाडा उभा राहतो तिथं. भाभी एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलली. तुमच्या लेकानं नुसतं "बघू, बघू" केलं. मग तिनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

त्यात लग्न निघालं आणि तुमच्या लेकानं कहर केला. अख्ख्या चौसाळ्यात दारोदार फिरून आवतण दिलं, अन् भिंतीला भिंत लागलेल्या घराला मोबाईलवर पत्रिका धाडली! म्हणे, "तिनं तोंडावर दार लावलं तर?" भाभीनं पत्रिका पाहिली, उत्तर काही दिलं नाही. पूजा रडायलाच लागली. तिचं अर्धं लहानपण भाभीच्या ओसरीवर गेलेलं. म्हणाली, "बडी अम्मी नसंल तर मला हळदच लावू नका."

तेव्हा मला तुम्ही आठवलात. गल्लीत कुणाचं बिनसलं की तुम्ही सांगायच्या, "आदी ज्याच्यावरनं भांडलात ते नीट करा. मग माफी मागायला जाऊ नका, एखादी वस्तू मागायला जा. माफी मागितली की मानूस जुनं उकरतो. वस्तू मागितली की उठून घरात जातो." मी किती हसायचे तुम्हाला.

गवंडी बोलावला, मोरीचा पाइप फिरवून गटाराला जोडून घेतला. तुमच्या लेकाला म्हटलं, तुमी आता गप बसा. आणि सकाळीच जाऊन भाभीच्या दारात उभी राहिले.

"भाभी, पूजाच्या हळदीच्या आंघोळीला घंगाळ पायजे. आमचं मोडीत गेलंय. तुमच्याकडं हाय का?"

भाभी पपया पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "शेजारनीला मोबाईलवर आवतन देतेत का गं, मंगल?"

"न्हाई देत. म्हणूनच मी आलेय."

ती उठली आणि आत गेली. तुमचं बोलणं खरं झालं, आत्याबाई. बाहेर आली ती तांब्याचं घंगाळ घेऊन, चिंचेनं लख्ख घासलेलं. काठावर नाव कोरलेलं होतं, सौ. गयाबाई.

तुमचंच नाव! हे आपलं घंगाळ? मोडीत घातलं म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत ना? आमच्याशी खोटं का बोललात?

भाभी म्हणाली, "माज्या रेश्माच्या लग्नाला दिलतं त्यांनी. परत द्यायला गेलते, तर घेईनात. म्हनल्या, ठिव तुझ्याकडंच. कदी तरी माझ्या घरचं कुनी मागायला येईल, तवा दे." मग म्हणाली, "पत्रिका आली त्या दिवशीच घासून ठिवलं. लई वाट बघायला लावली गं." आम्ही दोघी ओसरीवरच रडत बसलो.

खरं सांगू? थोडा रागही आला तुमचा. आम्ही भांडणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं का? आमच्यावर एवढाही भरवसा नव्हता?

पण पूजाच्या डोक्यावर पहिला तांब्या भाभीनंच ओतला. त्यानंतर कसला राग राहतो.

आता घंगाळात लाडू भरलेत, मोकळं भांडं परत करायचं नाही म्हणून. तुमचा लेक म्हणतो, आईच्या नावाचं आहे, घरातच राहू दे. मी राहू देणार नाही. ते भाभीकडंच राहील, हा माझा शब्द. आणि उद्या माझी सून आली की तिलाही मी तोंड वर करून सांगेन, आपलं घंगाळ मोडीत गेलं.

तुमची सून,
मंगल