माझ्या नावाचा नंबर

शहादा,
गुरुवार, सकाळ

प्रिय भरत,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी दोन दिवसांत सांगतो म्हणालो आणि आज चौथा दिवस उजाडला. तू दोनदा मेसेज केलास, तिसऱ्यांदा नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलंस. तुझं मागणं तसं डोंगराएवढं नाही. येत्या रविवारच्या हाफ मॅरेथॉनसाठी तुला माझा बिब हवा आहे, छातीवर लावायचा तो नंबराचा कागद, बस्स. मित्रमंडळींनी बळेबळे माझं नाव नोंदवून ठेवलं आहे आणि मी काही धावणार नाही, हे तू जाणतोस. मग तो कागद कपाटात पडून राहण्यापेक्षा भरतच्या छातीवर गेला तर कुणाचं काय जातं? तू असंच म्हणालास. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

तुझं कौतुक करायचंही राहून गेलं आहे. मागच्या वर्षीपर्यंत तू नवापूरची बस सुटत असली तरी पळणारा माणूस नव्हतास. मागून दुसरी येतेच की, असं म्हणून चहा मागवायचास. तुझा भाऊ लखन गेला आणि महिन्याभरात तू बूट आणलेस. अकरा महिन्यांत अकरा किलो कमी केलेस. माझ्या वर्गातल्या पोरांना मी तुझं उदाहरण देतो, एका महिन्यात एक किलो तर अकरा महिन्यांत किती, असं गणितच घालतो. लखनचे शेवटचे चार किलोमीटर राहिले आहेत, ते मी पुरे करणार, असं तू वर्षश्राद्धाच्या दिवशी तुझ्या आईसमोर, तापीबाईंसमोर म्हणालास तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मात्र आलं नाही. त्या तुझ्याकडे बघत राहिल्या आणि उठून आत गेल्या. तेव्हा मला ते कळलं नाही, आता कळतं.

मागच्या रविवारी आपण प्रकाशा गावच्या रस्त्याला सरावाला गेलो होतो ना, तेव्हाचं सांगतो. सकाळी सहाची गार हवा, उसाची ट्रॉली वगळता रस्त्यावर कुणी नाही. तू छान गप्पा मारत होतास, रूपालीने चालवलेल्या डाएटच्या नावाने बोटं मोडत होतास. आठव्या किलोमीटरनंतर तू बोलायचा थांबलास. मोरीवर वाकून लेस बांधलीस. पुढे पेट्रोलपंपाशी पुन्हा बांधलीस, मग बाभळीखाली आणखी एकदा. भरत, लेस सुटलेली नव्हती. मी शिक्षक आहे, पेन्सिलीला टोक काढायच्या निमित्ताने उठणारी पोरं मी वीस वर्षं ओळखतो. तुझा डावा हात मुठीत आवळलेला होता आणि ओठाभोवतीचा रंग गेला होता. मी विचारलं तर तू म्हणालास, "काही नही रे, पित्त शे." त्याच संध्याकाळी फोन केलास आणि बिब मागितलास. चाळिशीपुढच्या धावकांना डॉक्टरचं पत्र लागतं आणि डॉक्टर सही करीत नाही, असं हसत सांगितलंस. ईसीजीचा फोटोही पाठवलास, जणू एखादी गंमत. डॉक्टर अँजिओग्राफी कर म्हणतो, तर ही शर्यत झाली की करतोच, सोमवारीच जातो, घरी मात्र बोलू नको, रूपाली उगाच घाबरेल. हे सगळं तू एका दमात बोललास.

आता मागच्या वर्षाचं. तुला जे माहीत आहे ते आधी सांगतो. लखनने फॉर्म भरायला उशीर केला, नंबर संपले, माझा गुडघा दुखावला होता म्हणून माझा बिब त्याने लावला. चारशे सतरा नंबर, नाव धीरज. गावात सगळ्यांना हेच ठाऊक आहे. त्यात खोटं एकच आहे, त्याच्याकडे मी नंतर येतो.

मी परतीच्या वाटेवर सोळाव्या किलोमीटरला, केळीच्या बागेपाशी पाण्याच्या टेबलावर होतो. तुला आता आमच्या धावणाऱ्यांच्या रीती ठाऊक झाल्या आहेत. टेबलासमोर अचानक थांबायचं नाही, मागचा आदळतो. मागून येणाऱ्याला उजवी बाजू मोकळी सोडायची. पाणी देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून थँक्यू म्हणायचं आणि रिकामा पेला रस्त्यावर न टाकता पुढच्या डब्यात टाकायचा. या रीती शहाद्यात आणल्या कुणी? लखननेच. पहिल्या वर्षी लोकांनी रस्ताभर पेले फेकले तेव्हा शर्यत संपल्यावर हा पोतं घेऊन पुन्हा अख्खा रस्ता चालला होता. नवीन पोरांना तो दमच द्यायचा, "घर मा असा फेकस का?" मोटारसायकलवरून जाताना केळ्याची साल खिशात ठेवणारा माणूस तो. कामिनीवहिनी धुण्याला खिसे उलटे करताना कपाळावर हात मारायच्या.

रस्त्याकडेला शाळेची मुलं बसवली होती. येणाऱ्याच्या छातीवरचं नाव वाचायचं आणि ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. लखन वळणावर दिसला आणि ती सगळी पोरं ओरडायला लागली, धीरज, धीरज, चलो धीरज. मी टेबलामागे उभा, हातात जग, आणि माझ्या नावाने आरोळ्या. मला हसू आलं. अंगावर काटाही आला, पण थंडीचा असेल म्हणून मी सोडून दिलं. लखन आला तो टेबलासमोरच थांबला. मागची एक मुलगी त्याच्यावर आदळली, त्याने वळून पाहिलं नाही. मी पेला पुढे केला. त्याने घेतला, अर्धं पाणी हनुवटीवरून खाली गेलं, आणि पेला त्याच्या हातातून रस्त्यावर पडला. डबा दोन पावलांवर होता. तो तसाच पुढे निघाला. थँक्यू नाही, काही नाही.

आणि मी काय केलं माहितीय? मी चिडलो. चार लोकांसमोर मी मोठ्याने म्हणालो, "वा रे भाऊ, आम्हाले शिकाडस आन् सोता फेकस!" सगळे हसले. लखनने हात वर केला, मागे न बघता. मी तो पेला उचलून डब्यात टाकला आणि पुढच्याला पाणी द्यायला लागलो. ज्या माणसाने बारा वर्षांत कागदाचा कपटा रस्त्यावर टाकला नाही त्याच्या हातून पेला पडतो, तेव्हा त्याची शिस्त सुटलेली नसते, त्याला हात जाणवत नसतो. हे मला, फक्त मला, कळायला हवं होतं. कारण त्या टेबलावर मला एकट्यालाच काहीतरी माहीत होतं.

तो सतराव्या किलोमीटरला पडला. बिबच्या मागे संकटात कुणाला फोन करायचा तो नंबर असतो, रक्तगट असतो, आजार असतात. सगळं माझं. फोन नूतनला गेला. तुमचे मिस्टर धीरज रस्त्यात पडलेत, शुद्ध नाही, असं तिला सांगितलं आणि विचारलं, हृदयाचा काही त्रास, काही गोळ्या? माझी बायको रडत रडत सांगत होती की नाही हो, काही नाही, धडधाकट आहेत, गुडघा तेवढा दुखतो. पलीकडच्यांनी ते लिहून घेतलं. दमून चक्कर आली असेल असं धरून त्यांनी तसे उपचार सुरू केले, त्यांची काय चूक? नूतनने मग वेड्यासारखा माझा फोन लावला. तो पिशवीत होता. पाचव्यांदा मी उचलला. माझा आवाज ऐकून ती किंचाळली. तू जिवंत शेस, तू जिवंत शेस, एवढंच म्हणत राहिली. भरत, तुला खरं सांगतो, मला एक क्षण बरं वाटलं. आपल्यासाठी कुणी इतकं रडतं याचं बरं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की नंबर चारशे सतरा कुणाच्या छातीवर आहे. धीरज नाही, लखन आहे, त्याच्या हृदयाचं बघा, हे तिथपर्यंत पोहोचवायला वीस मिनिटं गेली. मी पुढे डॉक्टरांना विचारलं होतं, त्या वीस मिनिटांनी फरक पडला असता का. त्यांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्याच पेशंटचं नाव घेतलं.

कामिनीवहिनी तेव्हा अंतिम रेषेपाशी टॉवेल आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन उभ्या होत्या. माईकवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेत होते. त्यांनी तिथल्या माणसाला तीनदा विचारलं, लखन पाटील अजून उनात नही का, कुठपर्यंत आले? त्याने यादी पाहून सांगितलं, वहिनी, या नावाचं कुणी धावतच नाहीये. कागदावर ते खरंच होतं. कागदावर लखन घरी झोपलेला होता आणि दवाखान्यात मी मरत होतो. सव्वा तास त्या उन्हात उभ्या राहिल्या, मांडव सोडायला लागले तरी. मला सांगायला जायचं होतं, मी गेलो नाही. शेवटी नूतन गेली.

आता ते खोटं. लखनने फॉर्म उशिरा भरलेला नव्हता. त्यालाही डॉक्टरने सही दिली नव्हती. शर्यतीच्या आठ दिवस आधी तो शाळेत मधल्या सुट्टीत आला, ईसीजीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, ही माझी दहावी हाफ, दहा पुरे झाल्या की सोमवारीच अँजिओग्राफीला जातो. सोमवारीच, हाच शब्द. मग म्हणाला, "तुन्हा बिब दे. आन् घर सांगू नको, कामिनी उगाच घाबरी जाई." मी हो म्हणालो. आमच्यात ती रीतच आहे. नख काळं पडलं, छातीत कळ आली, तरी घरी सांगायचं नाही, नाहीतर धावणं बंद होतं. आपण एकमेकांचं झाकतो आणि त्याला दोस्ती म्हणतो. तुमचे वडील, हिंमतरावकाका, शेचाळिसाव्या वर्षी शेतातल्या मोटरीच्या खोलीत बसल्या जागी गेले, हे मला ठाऊक होतं. तरी मी कपाटातून बिब काढला, वर चार सेफ्टी पिनाही दिल्या. दहाव्याला तू माझ्या गळ्यात पडून म्हणालास, धीरजभाऊ, तू होतास म्हणून त्याची शेवटची इच्छा तरी पुरी झाली. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. वर्षभर गप्प आहे. तुमच्या घरचा चहा पितो, तापीबाईंच्या पाया पडतो आणि गप्प बसतो.

तेव्हा तुझ्या मागण्याचं उत्तर. बिब मिळणार नाही, तो काल संध्याकाळी मी आयोजकांना परत केला. पण एवढ्याने भागणार नाही, हे मला कळतं. ग्रुपमध्ये साठ माणसं आहेत, कुणाचा तरी गुडघा दुखत असेलच, आणि तू गोड बोलणारा आहेस. म्हणून हे पत्र मी पोस्टाने पाठवत नाही. आता दहाच्या बसने नवापूरला निघतोय. तू कामावर असशील. पाकीट न चिकटवता मी ते रूपालीच्या हातात देणार, तुझ्या ईसीजीचा फोटो सोबत जोडून, आणि ती शेवटपर्यंत वाचेस्तोवर समोर बसणार. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा तिने वाचलेलं आहे. परतताना कामिनीवहिनींकडे जाणार आणि हेच सगळं त्यांना तोंडाने सांगणार. त्या मला उंबरा चढू देणार नाहीत, नाही दिलं तर नाही. तू माझ्यावर थुंकशील. दोस्त म्हणून सांगितलेलं बायकोला सांगितलं, असं चारचौघांत म्हणशील, आणि ते खरंच असेल. बोलू नकोस माझ्याशी. रस्त्यात दिसलो तर तोंड फिरव. वीस वर्षं फिरव, भरत. पासष्टचा हो आणि तेव्हाही माझा राग राग कर.

तू मान, न मान, तुझाच
धीरज