गुरुवारची गोळी

६ नोव्हेंबर, गुरुवार
टक टक. मग जरा थांबून, टक.
डॉ. पटेरियांच्या अंगठीचा आवाज. आज दिवसभर कानात आहे. फॅक्टरीच्या क्वार्टरला घंटी होती, पण ते ती कधी वाजवत नसत. अतुल लहान, तापानं फणफणलेला, आणि दारावर ती टकटक आली की नली म्हणायची, "चला, आता उतरेल." अर्धा ताप खरंच तिथंच उतरायचा.
आठवायचं कारण असं की दुपारी नली तुळशीपाशी बसली ती उठेचना. थंडीचे दिवस आणि ब्लाउज घामानं चिंब. मी नेहमीसारखा शाळेच्या पुस्तकातला अर्धा चरण म्हटला. आमचा लग्नापासूनचा खेळ, अर्धा माझा, उरलेला तिचा. तिनं माझ्याकडे पाहिलं, रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.
संध्याकाळी दिवा लावून उपास सोडला. मग बरी. "थकवा आहे, बाकी काही नाही."

८ नोव्हेंबर, शनिवार
तिला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. साखरेसाठी भाद्रपदापासून इथंच. दिवाळीनंतर गोळी वाढवून दिली. डॉक्टर तरुण, हुशार असावेत, नजर स्क्रीनवर.
"खाना-पीना ठीक?"
"जी, ठीक."
"दवाई रोज?"
"जी."
"एक भी दिन नागा नहीं होना चाहिए, आंटी." शेवटी म्हणाले, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, या वयात विसर पडतो.
इतक्यात बाहेर आलो की आत जाताना ओतलेला चहासुद्धा गरम राहिला असता. पटेरिया आधी अतुलचं विचारत, मग या वर्षीच्या लोणच्याचं, आणि तोवर नलीची नाडी केव्हाची त्यांच्या बोटांखाली असायची. आम्ही दोघं, आमची दुखणी, आमची भांडणं, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. श्रावणात त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घमापुरातल्या दवाखान्याचं शटर तेव्हापासून खाली.
दुसरा डॉक्टर म्हणजे दुसरं घर बांधण्यासारखं. या वयात...

११ नोव्हेंबर, मंगळवार
मेंदूचे डॉक्टर. नलीला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. तिनं मराठी आकड्यांचं सुबक घड्याळ काढलं आणि म्हणाली, "आपकी दीवार वाली घड़ी पीछे चल रही है." डॉक्टर हसले. तरी गोळी लिहिलीच. "शुरुआत हो सकती है, अंकल. ध्यान रखिए."
येताना ऑटोत, अधारतालचा चौक ओलांडल्यावर हळूच म्हणाली,
"मी वेडी होऊन राहिली का हो?"
इतक्या कविता पाठ, एक ओळ सापडली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा तसंच. दुपारी मला "दादा" म्हणाली. तिचा दादा जाऊन किती वर्षं झाली. हात थरथरत होते, ओठ पांढरे.
रात्री अतुलचा फोन, बंगलोरहून. "बाबा, समझा करो. घर विकू आपण. आईला इथं चांगल्या क्लिनिकमध्ये ठेवू. तुम्ही एकटे कसे मॅनेज करणार?"
'ठेवू' म्हणाला. सामान ठेवतात तसं. तो वाईट मुलगा नाही. घाबरलाय. मीही घाबरलोय, फक्त मी त्याला तसं सांगत नाही.
नली आत भांडी लावत होती. आवाज एकदम थांबला होता. ऐकलं असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
घमापुरला गेलो. पाटीवरचं नाव उन्हानं पुसट झालंय. पटेरिया वर, खिडकीपाशी खुर्चीत. अंगठी आता डाव्या हातात.
त्यांची सूनबाई म्हणाली, "समझते सब हैं, अंकलजी. बोल नहीं पाते."
काय वाटलं कुणास ठाऊक, दुसरीत शिकवतात ती हिंदी प्रार्थना पुटपुटलो. त्यांचे ओठ हलले. माझ्या मागोमाग एक अख्खा शब्द आला, वाकडा, पण आला. सूनबाई पदर तोंडाला लावून आत गेली.
गुरुजी पट्टी आपटत पाठांतर करून घेत, ते कुठल्या खोलीत जाऊन बसतं देव जाणे. बाकी सगळं घर पडतं आणि ती खोली तशीच राहते.
नलीचं सांगायला गेलो होतो. सांगितलंच नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली. शेजारच्या मिश्रा दीदी धावत आल्या, साखरेचा चहा तोंडाला लावला. हिनं दात घट्ट मिटले. दीदी म्हणाल्या, "भाईसाहब, भाभीजी को तो होश ही नहीं है."
संध्याकाळी नैवेद्याचा गूळ तोंडात घातला, मग जेवली आणि तासाभरात पहिल्यासारखी. मी चरण म्हटला तर उरलेला तर म्हणालीच, वर माझी चूक काढली. "एक मात्रा खाल्ली तुम्ही. डोकं तुमचंच तपासा."
मला हसू यायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हे नीट लिहून ठेवतो.
सकाळी साखरेची गोळी घेताना सहज म्हणाली, "पटेरियाजींचं बरं होतं. गुरुवारी सुट्टी असायची हिला."
"कुणाला?"
"गोळीला. उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणत ते."
मी कप खाली ठेवला. "आणि हे नवे डॉक्टर?"
"त्यांनी रोज म्हटलं ना. नागा नको."
"उपास असतो हे सांगितलंस त्यांना?"
"व्रत काय सांगत फिरायचं असते? सांगितलं की पुण्य गेलं. अन् त्यांनी विचारलं कुठं?"
"पटेरियांना सांगितलं होतंस?"
"त्यांना काहून सांगावं लागते? त्यांना माहीत होतं."
मागचे वार आठवून पाहिले. तुळशीपाशी बसली तो गुरुवार. मला दादा म्हणाली तो गुरुवार. काल. दिवसभर घोटभर पाण्यावर, आणि वर साखर उतरवायची गोळी. मधल्या दिवसांत हिला काही म्हणजे काही नव्हतं.
मला कसं दिसलं नाही? तिचा गुरुवार मला घरातल्या भिंतीसारखा. भिंत कोण पाहतं?

२४ नोव्हेंबर, सोमवार
दवाखान्यात फोन. फोन घेणारी मुलगी गोड बोलली. "सर बाहर गए हैं, अगले हफ़्ते दिखा लीजिए. दवाई अपने मन से बंद मत कीजिएगा, अंकल." उपासाचं सांगत होतो, तोवर दुसरा फोन घेतला तिनं.
अतुल म्हणाला, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात का? साखर मोजायचं मशीन पाठवतोय, आधी ते येऊ द्या." तिकिटांचंही बोलला. पुढच्या महिन्यात येतोय, आईला घेऊन जायला.
म्हणजे हिचं डोकं गेलं हे ठरलंच म्हणायचं. मला वाटतं ते गेलेलं नाही. पण मला वाटून काय होतं?

२६ नोव्हेंबर, बुधवार
उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी भांडण.
मी म्हटलं, उद्या दूध-फळं तरी घे.
"सासूबाईंनी ओटीत घातलेलं व्रत आहे. तुमच्याच आईनं."
मग गोळी घेऊ नकोस.
"मोठ्या डॉक्टरनं लिहिली आहे. सगळे म्हणून राहिले माझं डोकं चाललं. गोळी चुकवून उरलंसुरलं घालवू?" मग म्हणाली, "पटेरियाजींनी सांगितलं तर ऐकीन. तुमचं काय ऐकायचं, तुम्ही कविता म्हणणारे."
टोमणा होता, पण डोळे भरले होते. तिलाही भीती वाटते. गोळीची नाही, बंगलोरची.
गोळ्या लपवाव्यात असं मनात आलं. डबा हातातही घेतला. माझंच चुकत असेल तर? परत ठेवला.
दुपारी घमापूर. पटेरियांना सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, एकेक करून. गुरुवार, उपास, रोजची गोळी, ती पडते, तुमचंच ऐकीन म्हणते. त्यांनी डोळे मिटून घेतले. डावा हात चादरीवर दोनदा हलला. कळलं की नुसतीच झोप आली, कळायला मार्ग नाही. सूनबाई म्हणाली, "आज थक गए हैं, अंकलजी. घर के बाहर तो सावन से नहीं निकले."
निघालो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पहाटे न्हाली. कलश मांडला, पाच पानं, नारळ, गजरा. लाल साडीत इतकी शांत दिसत होती की बोलवेना. माझ्यादेखत गोळी घेतली, देवापुढच्या पळीभर पाण्यानं.
डॉक्टरांचा फोन बंद. अतुल मीटिंगमध्ये. मिश्रा दीदी सिहोऱ्याला माहेरी.
दुपार. पलंगावर टेकून बसली आहे. कपाळ ओलं. साखर घातलेला दुधाचा पेला घेऊन उभा राहिलो. तिनं तोंड फिरवलं. "दिवा लागू द्या." दिवेलागणीला अजून कितीतरी वेळ आहे.
मी चरण म्हटला. तिनं पुरा केला.
थोड्या वेळानं दुसरा म्हटला. शेवटचा शब्द उशिरा आला.
आत्ता तिसरा. ती नुसती माझ्या ओठांकडे पाहते आहे. पेला तिच्या उशाशी ठेवलाय. दार उघडं टाकून, रस्त्यावर जाऊन कुणालाही हाक मारायची, ऑटोत घालून न्यायचं, असं ठरवून चपला घातल्या. घातल्या आणि तिला एकटं टाकून जाववेना, म्हणून हे लिहायला टेकलो. मूर्खपणा आहे
फाटकाशी ऑटो थांबली. आपोआप कशी आली? बाईचा आवाज, "धीरे, बाबूजी. मैंने कहा था न, फोन कर देते. अच्छा, अच्छा, चलिए. धीरे."
पायरीवर काठी. एक पाय ओढल्याचा आवाज. बराच वेळ.
घंटी कुणी वाजवली नाही.
टक टक. मग थांबून, फार थांबून, टक.
नलीनं डोळे उघडले. दाराकडे पाहते आहे. पटेरियांना बोलता येत नाही, हे तिला माहीत आहे; ते आले, हेच त्यांचं सांगणं.
पेला घेऊन उठतो.