रिपोर्टाआधीची उपकारस्तुती

११ जानेवारी १९८८, सोम. भुसावळ
शनिवारी धुळ्याहून परतलो. यांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. कॅन्सर आहे की नाही ते त्यातूनच कळणार. आठवड्याने या, म्हणाले डॉ. घरी आल्याआल्या यांनी विचारलं, ‘चहा आहे का?’ बस्, एवढंच. आज मफलर गुंडाळून रेल्वेच्या लोकोशेडला कामावर गेलेसुद्धा.
प्रार्थनेला गुडघे टेकले. तशीच उठले.

१३ जाने., बुध.
शाळेत एक पोरगी म्हणाली, ‘बाई, हा धडा कालच झाला.’ हो का, म्हटलं. पुन्हा वाचा.
कॅलेंडरवरचं आजचं बायबलचं वचन वाचलं. भिऊ नको, असंच काहीतरी. बरं.
प्रार्थना नाही.

१५ जाने., शुक्र.
सासूबाईंनी कहर केला. रविवारी आपल्या घरी उपकारस्तुतीची सभा, असं चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून मोकळ्या! अहो अक्का, उपकार कशाचे? रिपोर्ट यायचाय अजून!
‘पोरी, कसाले घाबरस? देवले बठ्ठं माहीत शे. आपण आधीच आभार मानी लेऊ.’
आणि उलटं निघालं तर? लोक लाडू खाऊन गेलेले असतील.
यांना म्हटलं, तुम्ही तरी समजवा तुमच्या आईला. ‘करू दे,’ म्हणाले. पेपर वाचत होते. कितीतरी वेळ एकच पान.

१६ जाने., शनि.
हेडबाईंच्या परवानगीने शाळेतून धुळ्याला फोन लावला. रिपोर्ट आला नाही, मंगळवारी या. राग यायला हवा होता. नाही आला. घरी येऊन रव्याचे लाडू वळत बसले. अक्का म्हणाल्या, साखर जास्त झाली. झाली असेल.

१७ जाने., रवि.
सभा झाली. सतरंज्या शेजारून आणल्या, तरी निम्मी मंडळी ओट्यावर. गाणी, वचन, पाळकसाहेबांची प्रा. मग रीतीप्रमाणे घरच्या बाईची साक्ष. देवाने काय काय केलं ते सांगायचं असतं. उभी राहिले. डोकं कोरं.
म्हटलं, ‘रिपोर्ट आलेला नाही. मला भीती वाटते. प्रार्थना होत नाही माझ्याकडून. तुम्ही करा.’
आणि बसले. कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले.
मग अक्का. इतके दिवस ताठ असलेली बाई, तोंडावर पदर घेऊन हमसायलाच लागली. ‘बापा, मना पोरले वाचाड. मना पोरले वाचाड.’ आभार-बिभार काही नाही.
म्हणजे त्याही घाबरलेल्याच होत्या. आणि मी आपली त्यांच्यावर…
लाडू सगळे संपले.

१८ जाने., सोम.
उद्या पहिल्या एसटीने धुळे. यांनी रजा टाकली. अक्का सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्या साडीला इस्त्री करून ठेवली.
जेवताना हे म्हणाले, ‘काल तू बोललीस ना, माझंही तेच.’
‘काय तेच?’
‘भीती.’
गाठ सापडल्यापासून पहिल्यांदाच त्याबद्दल बोलले. मला रडू यायला हवं होतं. वाढत राहिले.
ताटं उचलल्यावर दोघं खाटेवर बसलो. प्रा. करू या, म्हटलं. ‘बापा,’ मी म्हणाले, आणि पुढे काही सुचेचना.
हे म्हणाले, ‘आमेन.’