मागचं अंगण काटेवाल्याला

थोरल्या, चष्मा तुझ्या कपाळावर आहे. आधी तो डोळ्यांवर ओढ, मग हा कागद मोठ्याने वाच. आणि धाकटे, दादाने गॅस बंद केलाय का ते बघून ये, म्हणजे मध्येच उठायला नको.

मी, गल्लीत जिला पेंटरीणबाई म्हणतात ती, पूर्ण भानावर राहून, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहायला वकीलबाईंची कारकून मुलगी बसली आहे. ती आत्ताच म्हणाली, "आजी, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी म्हटलं, "पोरी, मरणार मी आहे ना? मग लिही."

१. मिळकत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण व त्यातली रंगाची शेड तुमच्या वडिलांनी हयातीतच माझ्या नावे केली. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता. दक्षिणेस शिंपीणबाईंची भिंत, जिच्यावर तुम्ही दोघांनी पिवळा घोडा रंगवला आणि बाईंनी तो कधी पुसू दिला नाही. पश्चिमेस नाला, ज्यात थोरल्याने काठावर विसरलेल्या चपला वाहून गेल्या. उत्तरेस रिकामा प्लॉट. सगळा घोळ त्या प्लॉटने केला.

२. घोळ असा. वडिलांनी गल्लीतल्या एकूण एक फाटकावर घरनंबर रंगवला, स्वतःच्या सोडून. मी टोकलं की म्हणायचे, "ज्याला यायचंय, त्याला घर माहीत आहे." ते गेल्यावर घरपट्टी भरायचं काम थोरल्याने अंगावर घेतलं आणि तो विसरला. थकलेल्या पट्टीपायी लिलावाची नोटीस निघाली. ती चिकटवणाऱ्याला आमचा नंबर सापडला नाही, त्याने ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या भिंतीला चिकटवली. मी रोज तिच्यासमोरून भाजीला जायचे. मला वाटलं, कुठल्या दुकानाची जाहिरात असेल. अक्षर बेढब आहे एवढंच कळलं. लिलाव झाला. तोलकाटे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी भिंतीवरची नोटीस वाचली, तोच प्लॉट विकायला आहे असं समजून बोली लावली, आणि हातात कागद आला तो आमच्या जागेचा.

टेप घेऊन फाटकात उभे राहिले ते मला अजून दिसतात. "आजी, इथे घर कसं?"

मी म्हटलं, "लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. तुम्हालाच यायला उशीर झाला."

तिथून दावा सुरू झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक, त्यामुळे वादी आणि प्रतिवादी शेजारी शेजारी म्हातारे झाले. एकदा ते म्हणाले, "मला घर नकोच होतं हो. काटा बघायला उजेड लागतो, म्हणून मोकळी जागा हवी होती." मी म्हटलं, "उजेड आमच्या अंगणात आहे. घर मात्र मिळणार नाही." ते हसले. मग पुढची तारीख पडली.

३. वकीलबाई सांगतात, निकाल कसाही लागू शकतो. विरुद्ध लागला तर धाकटी रस्त्यावर. पुढच्या खोलीत ती बायकांचे केस कापते, मागच्या खोलीत राहते, तिला दुसरं छप्पर नाही. थोरला म्हणतो, "इंचभर देणार नाही." अरे, तुझं घर दुसऱ्या गावात आहे, तू इंच कशाला मोजतोस? तू का भांडतोस ते मला कळतं. पट्टी विसरलास ते तुला खातंय. मी कधी बोलले नाही, आता लिहून घेते: मी ते कधीच सोडून दिलं. तूही सोड. त्यासाठी बहिणीचं छप्पर पणाला लावू नकोस.

४. सबब, मागचं अंगण, शेड आणि नाल्याकडून जायची वाट मी काटेवाल्यांना देते; त्यांनी घरावरचा दावा सोडावा. त्यांची तयारी आहे. तडजोडीच्या कागदावर पुढच्या तारखेला मी असले तर अंगठा करीन, नसले तर तुम्ही दोघांनी सह्या कराव्यात. घर धाकटीला.

अंगण देताना माझा हात आखडतो, हे खरं. पाट्या तिथेच वाळायच्या. वडील खडूने अक्षरांच्या कडा आखायचे, मी आतून रंग भरायचे. अख्ख्या बाजाराच्या पाट्या मी भरल्या, एकही वाचली नाही. "शिकवतो ना," म्हणायचे. मी म्हणायचे, "मला आतून भरता येतं, पुरे." दुपारी तुम्ही दोघं ओल्या पाट्यांच्या सावलीत झोपायचात. एकदा धाकटीच्या गालावर 'औषधे'मधला काना उमटला होता, असं वडिलांनी सांगितलं. मला नुसती लाल रेघ दिसली. आता पाट्या मशीनवर छापतात. अंगण नुसतंच ऊन खात पडलंय. ज्याला उजेड हवा, त्याने तिथे काम करावं.

५. ब्रश दोघांनी वाटून घ्यावेत, भांडण करायचं तर त्यावरून करा. बँकेतलं निम्मं निम्मं. शिडी सायकलवाल्याला. तशीही ती त्याच्याकडेच आहे. आता माझं मागणं बंद आणि त्याचं तोंड लपवणंही बंद.

६. साक्षीला काटेवालेही बसणार होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतंय त्याने सही करू नये. ते बाहेर पायरीवर बसले आहेत.

हे मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, दोनदा हसले, अंगणाच्या कलमाला नाही. बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा: पेंटरीणबाई
साक्षीदार: औषधवाला (सही), शिंपीणबाई (सही, स्वतःच्या हातची)
ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: कोर्टाच्या पुढच्या तारखेआधीचा सोमवार

ता. क. शेडचं कुलूप उघडाल त्या दुपारी काटेवाल्यांना डबा पाठवा. दात फारसे उरले नाहीत, तेव्हा भात मऊ शिजवा, भाजी कमी तिखट, सोबत दोन उकडलेली अंडी. डबा थोरल्याने न्यावा आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथेच बसावं.