गोलातली वजनं

सोम., १२ जाने.

माझी फूटपट्टी नाहीशी झाली. ही साधी घटना नव्हे. गेली आठ वर्षं ती पडद्यावर आडवी धरून मी ओळीमागून ओळ तपासत आलो. तिच्याविना नजर सातव्या ओळीवरून थेट नवव्या ओळीत जाते आणि आठवी अनाथ होते. दुपारी छडा लागला. सुरेखा परबनं ती एसीच्या झडपेत खोचली आहे.

"हवा थेट मानेवर येता रे. आठ वर्षं नुसती धरून बसलास, आता तिका जरा कामाक लाव."

ती टाइप करते, मी तिच्या चुका काढतो. विक्रोळीच्या ह्या गाळ्यात माझं पोट त्यावर चालतं. शिवाय क्लायंटला शंका विचारणारी पत्रं मी लिहितो. तेव्हा पट्टी परत मागण्याचा नैतिक अधिकार जरा लंगडाच.

नवं काम आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगरी नाक्यावरची जुनी कार्डं, संगणकात उतरवायची. शिकाऱ्यांनी मारलेले एल्क तिथं तपासायचे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा धिप्पाड चुलतभाऊ. प्रत्येक कार्डावर नर की मादी, वय, वजन, शेरा. वय दातांवरून ठरवतात. माझ्या दोन दाढा गेल्यात, मला काय ठरवतील कोण जाणे. सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नाही, आणि संस्कृत घेऊन एम. ए. झालेला मी मेलेल्या हरणांची वजनं तपासणार. असो.

मंगळ., १३

सगळी कार्डं एकाच हातची. निळी शाई. खाली नाव नाही, नुसता फराटा. मी त्या हाताचं नावच 'निळी शाई' ठेवलं. काय अक्षर! अंक एकाखाली एक, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे. शेरे दोन-दोन शब्दांचे. बारा वर्षांची मादी: 'दात झिजले. अंगात दूध.' एका नराच्या कार्डावर: 'डावं शिंग मोडकं. देखणा.' सरकारी कार्डावर 'देखणा' लिहायला धाडस लागतं. मी आयुष्यात कुठल्याही फॉर्मवर असं काही लिहिलेलं नाही.

काही वजनांभोवती बारीक गोल काढलाय. सु.नं (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा) चॅटवर विचारलं, "गोल म्हणजे काय? क्लायंटला विचार ना."

मी कळवलं, "अलंकार. दुर्लक्ष कर."

पलीकडून मोठ्यानं आवाज: "बरं, शास्त्रीबुवा!"

शुक्र., १६

उरलेला तिळगूळ खात स्वतःच्या आनंदासाठी एक तक्ता केला. वयाप्रमाणे नर एकीकडे, माद्या एकीकडे. नर आठ-नऊ वर्षांपर्यंत भरत जातो, मग उतरणीला. (वय ५३. तक्त्याकडे फार वेळ पाहिलं नाही.) मादी चौथ्या वर्षी पुरती भरते आणि मग वर्षानुवर्षं तेवढीच राहते. त्यातही अंगात दूध असलेली त्याच वयाच्या भाकड मादीहून हलकी. हा शोध मी सु.ला मोठ्या थाटात सांगितला.

"पोर अंगावर पिता, ती वाळतलीच. ह्याला तक्ता कशाला लागतो?"

मान्य. पण तक्त्यात एक घोळ निघाला. बरेच नर बरोबरीच्या माद्यांहून हलके! निसर्गात असं नसतं. म्हणजे टाइप करताना नर-मादीची अदलाबदल. एक्केचाळीस कार्डं सुधारली. चुका अर्थात सु.च्या नावावर.

मंगळ., २०

काल फाइल गेली. आज अचूकतेची यादी भिंतीवर लागली. सु. सगळ्यात खाली.

साळवी (आमचा मॅनेजर) म्हणाला, तळाच्या माणसाला पुढच्या कामात घेत नाही, नियम आहे. सु.चं कंत्राट महिनाअखेरीस संपतंय. दोन वर्षांपूर्वी गायकवाड असाच गेला. तिच्या शेजारची त्याची खुर्ची अजून रिकामी आहे, तीवर ती डबा ठेवते. तिची मुलगी बारावीला. नवरा घरीच असतो, कंबरेचं दुखणं.

संध्याकाळी तिनं झडपेतली पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

बुध., २१

जेवायच्या सुट्टीत हाक आली. "इकडे ये जरा." तिच्या पडद्यावर ती एक्केचाळीस कार्डं उघडी.

"नीट बघ. सगळ्यांवर गोल आहे. माझं बोट चुकलं असेल एकदा, दोनदा. एक्केचाळीस वेळा, आणि तेही फक्त गोलवाल्यांतच चुकलं?"

तिनं डबा उघडला. हलवा माशाचं कालवण.

"तू मासे खात नाहीस, म्हणून तुझी ही अवस्था. किलोचा हलवा घेतला मी. कोळणीनं पोट काढलं, खवलं काढली, कल्ले फेकले. घरी काट्यावर टाकला तर पाऊण किलो पण भरला नाही. आता सांग, एवढो मोठो नर डोंगरातून अख्खो कोण उचलून आणतलो? तिथंच साफ करतात आणि मग आणतात. माद्या लहान, त्या कधी अख्ख्या पण येत असतील. गोल म्हणजे साफ केलेलं वजन."

"हे सिद्ध कसं करणार?"

एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं तिनं एक कार्ड काढलं. सात वर्षांचा नर. वजनाच्या जागी दोन आकडे: ७०२ पौंड, आणि शेजारी गोलात ४६८. निळ्या शाईनं त्या दिवशी दोन्ही वेळा वजन केलं होतं.

"गेल्या मंगळवारी टाइप केलेलं. दोन आकडे होते म्हणून लक्षात राहिलं."

हजारो कार्डांमधून! मी धातुरूपं पाठ केली, ह्या बाईनं न पाहिलेल्या जनावरांची वजनं डोक्यात ठेवली. कौतुक करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आठवलं, गोल म्हणजे काय हे तिनं सुरुवातीलाच विचारलं होतं.

"अलंकार," ती म्हणाली. आणि भात कालवला.

गुरु., २२

साळवीकडे गेलो. सांगितलं, चुका माझ्या.

"यार आपटे, फाइल गेली. क्लायंट खूश. आता लिहिणार काय, आमचा तपासनीस येडा आहे म्हणून?"

"साधारण तेच."

"सुरेखाचं मी बघतो ना आतल्या आत. थोडं थांब."

"आतल्या आत बघशील, पण फाइलमधे एक्केचाळीस नर माद्या होऊन बसलेत."

त्यानं पेन टकटकवलं. "लिही. पण तुझ्या नावानं. माझं नाव नको."

शुक्र., २३

पत्राचे चार मसुदे. पहिल्यात 'तपासणीत काही चूक झाली आहे' असं होतं. सु. पाठीमागून वाचत होती. "झाली? आपोआप?" मग 'मी चूक केली, टाइप करणारीचं बरोबर होतं' असं लिहिलं. आठ वर्षांत एवढं छोटं पत्र मी लिहिलं नव्हतं. पाठवलं.

मंगळ., २७

उत्तर आलं. गोल म्हणजे साफ केलेलं वजन, हे खरं. सुधारलेली फाइल द्या. आणि न विचारता एक ओळ: ती कार्डं लिहिणारी बाई निवृत्त होईपर्यंत त्या नाक्यावर बसत असे, तिचा गोल कुणाच्या तरी लक्षात आला ह्याचा आनंद वाटला.

निळी शाई बाई निघाली! सु.ला सांगितलं. "मला वाटलेलंच. 'अंगात दूध' दुसरं कोण लिहिणार?" दोघी एका टेबलावर बसल्या असत्या तर एकमेकींची भाषा न येता कामं झपाट्यानं उरकली असती, आणि तपासनीस लागला नसता.

साळवीनं यादी बदलली. सु. वरून दुसरी. पुढच्या कामात नाव आहे. पेढे वगैरे काही नाही. तिनं येऊन माझी पट्टी उचलली, न विचारता, आणि झडपेत खोचली. फार बरं वाटलं.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता: ह्याच तपासनीसानं आधीच्या कामांतही अशा दुरुस्त्या केल्या आहेत का? साळवी म्हणतो, "'नाही' म्हणून कळव आणि विषय संपव."

शुक्र., ३०

कळवलेलं नाही.

जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी सहा महिन्यांनी पुसल्या जातात. त्यामुळे 'नाही' लिहिलं तर कुणी पकडणार नाही. मीसुद्धा नाही.

गायकवाड झाडांची कार्डं टाइप करायचा. बुंध्यांचे घेर, उंची. मला त्यातले कितीतरी आकडे अशक्य वाटले होते, मी सुधारले होते. त्यानंतर तो यादीच्या तळाला गेला. एकदा हातात कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. "सर, एक मिनिट, हे बघता का?" मी काहीतरी विनोदी बोललो. आजूबाजूचे हसले. तोही हसला आणि परत गेला. विनोद अजून शब्दन्‌शब्द आठवतो. कागदावर काय होतं, ते मी पाहिलंच नाही.

सु.कडे त्याचा नंबर आहे. आज मागितला. कशाला, ते तिनं विचारलं नाही. चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाली, "दुपारी लाव. सकाळी तो कामावर असतो."

दुपार झाली. चहा झाला. दोनदा नंबर दाबला, दोनदा पुसला.

सु.ची नोकरी टिकली. माझीही टिकेल असं दिसतं. त्याची काळजी नाही. मला भीती वाटते, गायकवाड बरोबर होता.